जॉर्जियात मतदार यादीतलं नाव दर दोन महिन्यांनी का तपासायचं?

कांदेपोहे_अटलांटा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही १४ वर्षं अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका गावात राहतोय. गेल्या वर्षी शपथविधी झाला, सिटिझन झाले, मतदार म्हणून नोंदणी केली आणि कार्ड आलं घरी. ऑफिसात माझ्या शेजारी एक बाई बसतात, साठी ओलांडलेल्या, आफ्रिकन अमेरिकन, मूळच्या साउथ जॉर्जियातल्या एका खेड्यातल्या. त्यांना कौतुकाने सांगितलं कार्ड आलं म्हणून. त्या म्हणाल्या अभिनंदन, आता दर दोन महिन्यांनी साइटवर जाऊन नाव आहे ना ते बघत जा. मला वाटलं गंमत करतायत म्हणून मी हसले, तर त्या काही हसल्या नाहीत. म्हणाल्या मी १८ वर्षांची झाल्यापासून एक निवडणूक चुकवली नाही आणि तरी बघते.

आता माझी आई सोलापूरला आहे, तिचं नाव यादीत आहे की नाही हे ती निवडणुकीच्या आदल्या दिवशी चिठ्ठी आली की बघते, आणि ती पण शेजारच्या काकूंकडून. आपल्याकडे नावं गायब होतात हे मान्य, पण त्याला आपण गलथानपणा म्हणतो आणि सोडून देतो. या बाईंच्या बोलण्यात तसं नव्हतं. त्यांचा सूर असा होता की कोणीतरी मुद्दाम काढू शकतं.

दुसरं म्हणजे माझ्या नावाची भानगड. लायसन्सवर मधलं नाव वडिलांचं आहे, कारण ते लग्नाआधीच्या पासपोर्टवरून एच-१बी वर असताना काढलेलं. सिटिझनशिपच्या सर्टिफिकेटवर मधे नवऱ्याचं नाव, आणि आडनावात माहेर-सासर जोडलेलं, मधे छोटी रेघ. ग्रुपवर कोणीतरी म्हणालं की इथे 'एक्झॅक्ट मॅच' नावाचं प्रकरण होतं आणि अशी रेघ चुकली तरी नोंदणी अडकायची. खरं आहे का हे? नवरा म्हणतो दोन्ही पक्ष बोंबा मारतात, तू लक्ष देऊ नकोस. पण मला बाईंचा चेहरा आठवतो.

---

रांगेतला_माणूस

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण त्याची घाई आहे. मी गेल्या तीन निवडणुकांत पोल वर्कर म्हणून बसलोय (पहाटे साडेपाचला हजर व्हायचं, रात्री नऊ वाजता पाय सुजलेले, हौस लागते).

हो, खरं आहे. अर्जातली माहिती लायसन्स खात्याच्या नाहीतर सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डशी ताडून बघतात. २०१७ मध्ये त्याचा कायदाच केला. अक्षर, रेघ, स्पेस काहीही जुळलं नाही की अर्ज 'पेंडिंग'. २०१८ च्या निवडणुकीआधी असे सुमारे ५३,००० अर्ज अडकलेले होते आणि त्यातले जवळपास ७० टक्के कृष्णवर्णीयांचे, राज्यात त्यांची वस्ती साधारण एक तृतीयांश असताना. पुढे २०१९ मध्ये कायदा बदलला, आता निव्वळ नाव जुळलं नाही म्हणून नोंदणी थांबत नाही, पण खूण राहते आणि केंद्रावर आयडी बघतात, जो तसाही सगळ्यांचाच बघतात.

तुमच्या बाबतीत खरी मेख नावाची नाही, लायसन्सची आहे. ते तुम्ही व्हिसावर असताना काढलंय ना? मग त्या खात्याच्या कॉम्प्युटरमध्ये तुम्ही अजून परदेशी नागरिकच असाल. तुम्ही शपथ घेतली हे त्या कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही. म्हणून नवे सिटिझन झालेले लोक इथे सर्रास अडकतात. २०१८ ला मतदानाच्या काही दिवस आधी फेडरल जज एलिनॉर रॉस यांनी आदेश दिला की अशांनी केंद्रावरच पुरावा दाखवला की मत देऊ द्या, त्याआधी तो पुरावा तपासायचा अधिकार फक्त डेप्युटी रजिस्ट्रारला होता, म्हणजे केंद्रावर तो माणूस नसेल तर बसा.

तेव्हा, एक, लायसन्स नवीन करून घ्या, सर्टिफिकेट घेऊन जा. दोन, राज्याच्या माय व्होटर पेजवर स्टेटस 'अ‍ॅक्टिव्ह' आहे ना बघा. आणि पहिल्या वेळी सर्टिफिकेट नाहीतर पासपोर्ट सोबत ठेवा, लागणार नाही बहुतेक. आणि काही झालं तरी रांग सोडून घरी यायचं नाही, प्रोव्हिजनल बॅलट म्हणजे तात्पुरती मतपत्रिका मागायची, तो तुमचा हक्क आहे, नंतर तीन दिवसांत कागद दाखवून ते मत मोजून घेता येतं. लोक घरी निघून जातात हो, "नाही म्हणाले" म्हणून. कोणी नाही म्हटलेलं नसतं, फक्त थांबा म्हटलेलं असतं.

---

नाना_मेकनकर

कांदेपोहे, तुमच्या शेजारच्या बाई साठीच्या वर आहेत म्हणजे त्यांच्या आईवडिलांनी काय काय बघितलंय याचा हिशोब करा, मग कळेल त्या का हसल्या नाहीत. मी जॉर्जियातल्याच मेकन शहरात १९८३ पासून आहे, आता रिटायर्ड, वेळच वेळ आहे, सुनेने टाइप करायला व्हॉइसचं शिकवलंय त्यामुळे लांबेल, वाचा.

जॉर्जियात "तू काळा आहेस म्हणून मत देता येणार नाही" असं कायद्यात लिहायची सोयच नव्हती, अमेरिकेच्या घटनेतल्या १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने ते बंद केलेलं. मग काय केलं, फॉर्म काढले. १८७७ च्या राज्यघटनेत पोल टॅक्स पक्का केला, म्हणजे मत द्यायच्या आधी भरायचा कर, वर्षाला एक डॉलर, पण गंमत अशी की साठत जायचा, म्हणजे दहा वर्षं भरला नसेल तर आधी दहा वर्षांची थकबाकी भरा मग मत द्या. कापसाच्या शेतात वाट्याने राबणारा माणूस कुठून भरणार. मग १९०८ ची दुरुस्ती. लिहिता वाचता यायला हवं, किंवा ४० एकर जमीन नाहीतर ५०० डॉलरची मालमत्ता, किंवा चारित्र्य चांगलं हवं, किंवा तुम्ही वा तुमचे पूर्वज युद्धात लढलेले हवेत. यातली शेवटची वाट कुणासाठी ठेवली असेल ते सांगायला नको. चारित्र्य चांगलं की वाईट हे ठरवणार कोण, तर काउंटरच्या पलीकडचा गोरा कारकून.

आणि यातून गाळूनही कोणी आत आलाच तर तिसरं कुलूप, व्हाइट प्रायमरी. तेव्हा इथे एकच पक्ष, डेमोक्रॅटिक, त्यामुळे पक्षांतर्गत निवडणूक जिंकली की काम झालं, नोव्हेंबरचं मतदान म्हणजे नुसता उपचार. पक्ष म्हणायचा आम्ही खाजगी संस्था, आमचे सभासद आम्ही ठरवणार, गोरेच घेणार. सुप्रीम कोर्टाने १९४४ च्या एप्रिलमध्ये टेक्ससच्या केसमध्ये हे बेकायदा ठरवलं. तर त्याच वर्षी ४ जुलैला, बघा तारीख कशी आलीय, कोलंबस गावात प्रायमस किंग नावाचा न्हावी, तो धर्मोपदेशकही होता, कोर्टहाउसमध्ये मत द्यायला गेला आणि त्याला बाहेर काढलं. गडी केस लढला आणि जिंकला, १९४६ मध्ये अपील कोर्टातही टिकली. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. ज्यांची दाढी करायची त्यांच्याच गावात राहून त्यांच्यावर केस घालायची.

आता १९४६ चा उन्हाळा. एका वर्षात लाखाच्या वर कृष्णवर्णीय मतदार नोंदले गेले. विरोधात गव्हर्नरपदाचे उमेदवार यूजीन टॅलमज, त्यांच्या माणसांनी छापील फॉर्म वाटले, आपल्या काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) काळ्या मतदारांवर आक्षेप घ्या म्हणून, आणि हजारो नावं तशी उडवली. टेलर काउंटीत मेसिओ स्नाइप्स नावाचा, नुकताच दुसऱ्या महायुद्धातून परत आलेला सैनिक, १७ जुलैला मत द्यायला गेला. त्या काउंटीत मत देणारा तो एकटाच काळा माणूस. दुसऱ्या दिवशी त्याला दारात बोलावून गोळ्या घातल्या, त्यात तो गेला. कुणाला शिक्षा झाली नाही. टेलर काउंटी इथून मला गाडीने फार लांब नाही, एकदा मुद्दाम गेलो होतो, काही नाही तिथे, पीचच्या बागा आणि शांतता.

बरं, त्या निवडणुकीत जास्त मतं मिळाली जेम्स कारमायकल यांना, आणि जिंकले टॅलमज. कसं? काउंटी युनिट पद्धत, म्हणजे ज्या काउंटीत जो पुढे त्याला तिचे सगळे युनिट, आणि युनिट जास्त तो जिंकला. राज्यात १५९ काउंट्या. मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६ युनिट, पुढच्या ३० ना ४, उरलेल्या १२१ ना २. म्हणजे अटलांटाची फुल्टन काउंटी, १९६० च्या जनगणनेत ५,५६,३२६ लोक, तिला ६. आणि एकोल्स काउंटी, १,८७६ लोक, तिला २. भागाकार करा, एकोल्सच्या ९३८ लोकांमागे एक युनिट आणि फुल्टनच्या ९२,७२१ लोकांमागे एक. मत होतं हो तुम्हाला, कोण नाही म्हणतंय, फक्त त्याची किंमत शंभराव्या हिश्शाएवढी. शहरात काळे मतदार वाढत होते, त्यांच्याबरोबर शहरातले गोरेही भरडले गेले. मार्च १९६३ मध्ये ग्रे विरुद्ध सँडर्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे मोडीत काढलं. 'एक व्यक्ती, एक मत' हे सूत्र सुप्रीम कोर्टाच्या निकालात प्रथम लिहिलं गेलं ते जॉर्जियाच्या या खटल्यात.

एक मात्र सांगायला पाहिजे, हेच राज्य १९४३ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य. गव्हर्नर एलिस आर्नल. पोरं युद्धावर जातात तर मत का नाही म्हणून. पोल टॅक्स पण त्यांनीच १९४५ मध्ये काढला. आपल्याकडे १८ व्हायला १९८९ उजाडलं. तेव्हा सरसकट खलनायक करू नका.

मग १९६५ चा कायदा, व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट. त्यातलं पाचवं कलम म्हणजे त्याचा कणा होता. ज्या राज्यांचा पूर्वेतिहास वाईट त्यांनी मतदानाचा कुठलाही नियम बदलायचा तर आधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यायची. केंद्र दोन गल्ल्या पलीकडे हलवायचं तरी. २५ जून २०१३ ला शेल्बी काउंटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने, कायदा ठेवला, पण कुठल्या राज्यांना हे लागू हे ठरवायचा तक्ता जुना झाला म्हणून रद्द केला, म्हणजे गाडी ठेवली आणि चाकं काढून घेतली. त्यानंतर तुमच्या बाई दर दोन महिन्यांनी बघायला लागल्या असतील तर मला नवल वाटणार नाही.

---

सरळसोट

नानांचा इतिहास चांगला आहे, पण १९४६ आणि आज यांच्यात ८० वर्षं आहेत हे कोणी लक्षात घेणार आहे का? मी पण इथलाच मतदार, आणि मला हे सगळं थोडं जास्त होतंय असं वाटतं.

जॉर्जियात कारण न देता टपालाने मत देता येतं २००५ पासून. अर्ली व्होटिंग, म्हणजे मतदानाच्या दिवसाआधीच केंद्रावर जाऊन मत देणं, जवळपास तीन आठवडे, त्यात दोन शनिवार सक्तीचे. न्यूयॉर्कात अर्ली व्होटिंग आलं कधी? २०१९ ला! पण न्यूयॉर्कला कोणी जिम क्रो, म्हणजे जुन्या वर्णभेदी कायद्यांचं राज्य, म्हणत नाही. फोटो आयडी मागतात म्हणून गळा काढतात, अहो भारतात आपण आयुष्यभर वोटर आयडी घेऊनच गेलोय, त्यात अपमान कसला? २०२१ ला मतदानाचे नियम बदलणारा जॉर्जियाचा एसबी २०२ कायदा आला तेव्हा केवढा गहजब, बेसबॉलची ऑल-स्टार मॅच अटलांटातून डेन्व्हरला हलवली. आणि नंतर काय झालं, २०२२ ला आणि २०२४ ला लोकांनी अर्ली व्होटिंगला रांगा लावल्या, कोण अडलं?

आणि ते ५३,००० वाले पेंडिंग, त्यांना केंद्रावर आयडी दाखवून मत देता येत होतंच, हे कोणी सांगत नाही. २०१८ ला गव्हर्नरपदाची निवडणूक हरलेल्या स्टेसी एब्रम्स यांच्या फेअर फाइट संस्थेने मोठी केस घातली होती, २०२२ मध्ये फेडरल जजने सगळ्या मुद्द्यांवर त्यांच्या विरोधात निकाल दिला. यादी साफ करायलाच लागते हो, मेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं ठेवायची का, मग आपणच म्हणणार भुतं मत देतात.

---

नाना_मेकनकर

सरळसोट, तुमचं निम्मं मान्य. निकाल विरोधात गेला हे खरं, पेंडिंगवाल्यांना मत देता येत होतं हेही खरं, आणि दोन शनिवार हे त्याच एसबी २०२ ने सक्तीचे केले, ते आमच्या बाजूचे लोक सांगत नाहीत. अर्ली व्होटिंगच्या बाबतीत न्यूयॉर्कला लाज वाटायला हवी, शंभर टक्के.

पण रांगा लागल्या म्हणजे अडवणूक नव्हती हे कसं? उलट इथे चर्चमधून बस भरून लोक नेतात, पोरं फोन करतात, "नाव बघा, नाव बघा" म्हणून दारोदार फिरतात, तेव्हा त्या रांगा लागतात. नळाला पाणी कमी येतं म्हणून बाई पहाटे चारला उठून हंडे भरते, आणि नगरपालिका म्हणते बघा हंडे भरलेले आहेत, टंचाई कुठाय.

यादी साफ करायला कोणाचीच ना नाही. जुलै २०१७ मध्ये एका रात्रीत पाच लाखांवर नावं काढली, त्यात मेलेले, राज्य सोडून गेलेले पुष्कळ होते. पण लाखाच्या वर असे होते की त्यांनी काही वर्षं मत दिलं नव्हतं आणि पत्राला उत्तर दिलं नव्हतं, एवढंच. मत देणं हा हक्क आहे तर न देणं हा गुन्हा कधीपासून? आणि हे करणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्यातल्या निवडणुका ज्यांच्या हाताखाली होतात ते, ब्रायन केम्प, तेच २०१८ ला गव्हर्नरपदाला उभे, म्हणजे पंच पण तेच आणि बॅटिंगला पण तेच. जिंकले सुमारे ५५,००० मतांनी. मी म्हणत नाही की त्यामुळे जिंकले, ते कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही. पण क्रिकेटमध्ये तुम्ही हे चालवून घेतलं असतं का?

रँडॉल्फ काउंटीचं ऐका. दक्षिण-पश्चिम कोपरा, वस्ती बहुतांश काळी आणि गरीब, बसबिस काही नाही. ऑगस्ट २०१८ ला प्रस्ताव आला की ९ पैकी ७ मतदान केंद्रं बंद करायची. कारण काय, तर तिथे अपंगांसाठी सोयी नाहीत. म्हणजे रॅम्प बांधायच्या ऐवजी केंद्रच बंद. कितीतरी लोकांना मैलोनमैल जावं लागलं असतं. एवढा आरडाओरडा झाला की बोर्डाची बैठक मिनिटभरात संपली, प्रस्ताव फेटाळला. तुम्ही म्हणाल बघा, झालं ना नीट. झालं, पण लोकांनी बघितलं म्हणून. २०१३ च्या आधी तो प्रस्ताव आधी वॉशिंग्टनला गेला असता, म्हाताऱ्या बायकांना ऑगस्टच्या उन्हात सभेला यावं लागलं नसतं.

आणि एसबी २०२ मधलं एक कलम, कुठलाही मतदार आपल्या काउंटीतल्या कितीही मतदारांवर आक्षेप घेऊ शकतो, मर्यादा नाही. मूठभर लोकांनी हजारो नावांच्या याद्या दाखल केल्या. बहुतेक आक्षेप फेटाळले गेले हे सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच. पण १९४६ चे छापील फॉर्म मी वर उगाच नाही लिहिले.

---

उसाचा_फड

मी बीडचा, अमेरिका फक्त फोनवर बघितलीय, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

सरळसोट साहेब म्हणतात भारतात आयडी घेऊनच जातो. खरंय, पण भारतात नाव घालायला बीएलओ दारात येतो, निदान यायला पाहिजे असं धरलेलं आहे. तिकडं नोंदणी आपली आपण करायची आणि टिकवायची पण आपणच, असं दिसतंय. फरक तिथं आहे. आणि आपलं पण सगळं गोड नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान, आणि आमच्याकडच्या टोळ्या दिवाळी झाली की कोपरगाव, सांगली, पार कर्नाटकापर्यंत कोयता घेऊन निघतात. नाव यादीत आहे, कार्ड खिशात आहे, आणि माणूस फडात ३०० किलोमीटरवर. मुकादम सोडत नाही, सोडला तर येण्याजाण्याचं भाडं कोण देणार. याला कोणी मतहक्क हिरावला म्हणत नाही, कारण हिरावणारा कोणी दिसतच नाही.

एक आणखी, नानांनी जुलै १९४६ लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला. त्याच महिन्यात बाबासाहेबांचा ड्यु बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंताशी पत्रव्यवहार झालाय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडं जो अर्ज केला त्याच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या होत्या, अस्पृश्यांसाठी तसंच काही करता येईल का म्हणून. ड्यु बॉइस यांचं उत्तर ३१ जुलैचं आहे. आणि हे ड्यु बॉइस अटलांटा युनिव्हर्सिटीत कितीतरी वर्षं शिकवत होते, १९४४ ला तिथून गेले. म्हणजे मेसिओ स्नाइप्सला मारलं त्या आसपासच ही पत्रं चालली होती. बाबासाहेबांनी १९२८ ला सायमन कमिशनपुढं सरसकट प्रौढ मताधिकार मागितला होता. शिकलेल्यालाच मत द्या, जमीनवाल्यालाच द्या हे तेव्हा इथं पण चालू होतं, आमच्या पणज्याला तर मत म्हणजे काय हेच १९५२ ला कळलं.

---

रांगेतला_माणूस

फडभाऊ, ही पत्रांची गोष्ट माहीत नव्हती, आभार. आणि 'हिरावणारा दिसत नाही' हे अगदी बरोबर, केंद्रावर बसलं की तेच जाणवतं. समोर जी बाई "तुमचं नाव नाही दिसत" म्हणते ती स्वतः स्वयंसेवक असते, तिच्या हातात काहीच नसतं, आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यात जास्त हळहळते.

---

कांदेपोहे_अटलांटा

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. नवऱ्याला पण वाचायला दिलं, तो सरळसोटांच्या पोस्टला मान डोलवत होता आणि रँडॉल्फ काउंटीपाशी गप्प झाला.

अपडेट देते. स्टेटस बघितलं, अ‍ॅक्टिव्ह आहे, पण आडनावातली रेघ गायब आणि दोन्ही आडनावं चिकटून एक लांबलचक शब्द झालाय, आगगाडी नुसती. लायसन्सची अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारची मिळाली.

काल डबा खाताना बाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या त्यांच्या आजीला काउंटरवर घटनेचा एक परिच्छेद वाचायला दिला होता, तिने न चुकता वाचला, ती चर्चमध्ये बायबल वाचायची रोज. मग कारकून म्हणाला आता याचा अर्थ सांग. तिने सांगितला. तो म्हणाला बरोबर नाही. बाई सांगत होत्या, आजी घरी येऊन एवढंच म्हणाली की त्या पोराला स्वतःलाच अर्थ माहीत नव्हता. पुढे १९६५ चा कायदा आल्यावर ती पहिल्यांदा मत द्यायला गेली तेव्हा हॅट घालून गेली, आणि ती हॅट अजून यांच्या कपाटात आहे.

पहिल्या शनिवारी अर्ली व्होटिंगला आम्ही दोघी जाणार आहोत, माझं केंद्र वेगळं त्यांचं वेगळं, म्हणून आधी माझ्याकडे मग त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या पाण्याची बाटली स्वतःची आण. मी म्हटलं तिथे वाटत असतील की कोणीतरी, तर म्हणाल्या नाही, १५० फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला बाहेरच्या कोणी पाणी द्यायचं नाही असा नियम आहे. नाना, हे खरं आहे का हो, की त्या आता माझी फिरकी घेतायत?

---

नाना_मेकनकर

खरं आहे. एसबी २०२. त्या १५० फुटांच्या बाहेर रांग गेली तरी मतदाराच्या २५ फुटांत देऊ नये असंही होतं, तेवढं कोर्टाने २०२३ मध्ये थांबवलं. केंद्रवाले स्वतः पाण्याचा पिंप ठेवू शकतात, ठेवलाच तर. बाटली न्या, आणि हो, आगगाडीची रेघ दुरुस्त करायला विसरू नका.